सगळ्यांचा पहिला नंबर

गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीत लहान मुलांच्या धावण्याच्या शर्यती झाल्या. निवृत्त क्रीडाशिक्षिका म्हणून मला एक शिट्टी दिली आणि सावलीत खुर्ची दिली. शर्यत संपली तसे सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "आपल्याकडे कुणीच हरलेलं नाही. सगळ्यांचा पहिला नंबर." आणि सगळ्यांच्या गळ्यात एकसारखी पदकं घातली. मी शिट्टी टेबलावर ठेवली आणि तडक घरी आले. सूनबाई म्हणाली, "आई, लहान मुलं ती. एवढं काय चिडायचं?" तिला सांगत बसले असते तर स्वयंपाक राहिला असता, म्हणून इथं लिहिते आहे. दिवाळी अंक लोक फराळाबरोबर वाचतात हे मला ठाऊक आहे. पण या विषयावर माझ्याकडे गोड असं काही नाही.

मी वडूजच्या एका हायस्कुलात एकोणतीस वर्षं पी.टी. शिकवली. लोकांना वाटतं, पी.टी.च्या बाई म्हणजे पंधरा ऑगस्टची कवायत आणि एरवी शिट्टी. आमचं खरं काम सहामाही परीक्षेच्या आगेमागे सुरू व्हायचं. आधी तालुक्याच्या स्पर्धा, मग जिल्ह्याच्या, मग विभागाच्या, मग राज्याच्या. तालुक्याला जिंकला तो जिल्ह्याला साताऱ्यात जायचा, तिथं जिंकला तो विभागाला. आणि प्रत्येक पायरीवर मुलाच्या आधी त्याचा कागद पुढं जायचा. नाव, शाळा, जन्मतारीख, खेळ आणि वेळ. कागद नाही तर पोरगं नाही. वाऱ्यासारखी पळणारी मुलं नुसत्या कागदापायी कुंपणाबाहेर उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

या स्पर्धांमध्ये माझ्याकडे घड्याळ असायचं. पिस्तूल पुरुषांकडे, झेंडे पुरुषांकडे, माइक तर पुरुषांकडेच. "मॅडम, तुम्ही घड्याळ घ्या, बसून काम आहे," असं मला पहिल्या वर्षी सांगितलं. बसायला कुठं, तर शेवटच्या रेषेसमोर लोखंडी पायऱ्यांचा स्टँड असतो त्यावर, डोक्यावर ऊन आणि खाली तापलेली पट्टी. पण हे काम मला आवडलं, आणि आलंही. पिस्तुलाचा आवाज ऐकून बटण दाबायचं नसतं, धूर दिसताक्षणी दाबायचं असतं. शंभर मीटरवरून आवाज पोचेपर्यंत तेवढा वेळ फुकट जातो. पहिल्या नंबरावर तीन घड्याळं लावायची, तिन्ही वेगळी निघाली तर मधली वेळ धरायची. आणि पंच बघत असताना ती शीटवर लिहायची. लिहिल्याशिवाय घड्याळ शून्यावर आणायचं नाही. हा शेवटचा नियम मी नव्या शिक्षकांना ओरडून शिकवायची. तो मी स्वतः एकदाच मोडला.

त्या काळात जिल्ह्याच्या स्पर्धेत अपंग मुलांच्या शर्यती असायच्या, पण त्या प्रमुख पाहुणे आले की घ्यायच्या. म्हणजे आठशे मीटरची मुलं रेषेवर उभी असली तरी त्यांना बाजूला करायचं आणि ही मुलं पळवायची, कारण फोटोग्राफर पाहुण्यांबरोबरच यायचा. एका वर्षी अंध मुलांची पन्नास मीटर होती. अंध मुलं आवाजावर पळतात. शेवटच्या रेषेवर त्यांचे शिक्षक टाळ्या वाजवत उभे राहतात आणि मुलं त्या टाळ्यांकडे येतात. बाकी मैदानानं तेवढे दहा सेकंद गप्प बसायचं, बस. शर्यत सुटली आणि त्याच क्षणी पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली. स्वागताला उभ्या केलेल्या पथकानं ताशा बडवायला सुरुवात केली. सहाही पोरं वळली आणि ताशाकडं पळाली. एक जण मंडपाच्या दोरीत अडकून पडला, कपाळ फुटलं. लोक हसले. पाहुणेही हसले. मग त्या पोराला उचलून पाहुण्यांशेजारी उभं केलं आणि फोटो काढला. मी घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. पण मैदानावर बोलले का? नाही.

आता शमीमचं सांगते. शमीम नदाफ. तिचे वडील इलाहीभाई वडूजच्या बाजारात गाद्या करायचे. कापूस पिंजायचं मशीन दुकानातच होतं. शमीम सहा वर्षांची असताना तिचा डावा हात त्या मशीनमध्ये गेला आणि कोपराखाली काही उरलं नाही. मशीन चालवत होते इलाहीभाई स्वतः. त्यानंतर त्यांनी ते मशीन विकलं आणि कापूस बाहेरून पिंजून आणायला लागले. मुलीकडं बघताना ते नेहमी तिच्या उजव्या बाजूला उभे राहायचे.

आठवीत ती माझ्याकडे आली. पळायची जोरात, पण एका हातानं पळणाऱ्याचं अंग एका बाजूला ओढतं. सरळ सुटलेली शमीम साठ मीटरवर शेजारच्या पट्ट्यात जायची. मैदानावर फक्कीची एक रेघ मारून मी तिला त्या रेघेवर पळवायची. तरी ओढ जाईना. मग इलाहीभाईंना विचारलं. त्यांनी गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची एक पिशवी शिवली, आत वाळू भरली, आणि दंडाला बांधायला नाड्या लावल्या. चार दिवस वजन कमीजास्त करत बसले. ते वजन बांधून तिचा डावा खांदा पुन्हा हलायला शिकला. तीन महिन्यांनी पिशवी सोडली तरी ती रेघ सोडत नव्हती. गादीवाल्यानं जे केलं ते मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं.

ती दहावीला गेली त्या वर्षी शाळेत परिपत्रक आलं. विभागाच्या स्पर्धा सांगलीला होणार होत्या आणि तिथं अपंगांच्या शर्यती पहिल्यांदाच रीतसर घेणार होते, वेळ लावून, नंबर काढून. हाताच्या मुली वेगळ्या, पायाच्या वेगळ्या. प्रत्येक जिल्ह्यानं शंभर मीटरला एकच नाव वेळेसह पाठवायचं. विभागात पहिली येईल ती राज्याला जाईल. मी ते शमीमला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई, म्हंजी ह्यात खरा नंबर असतोय?"

"खरा."

"मग मी येते."

तिला लोकांनी आतापर्यंत खूप काही दिलं होतं. वह्या, दप्तर, गॅदरिंगला शाल. तिला कुणी न दिलेला एक नंबर पाहिजे होता, आणि शाळेचं हे शेवटचं वर्ष होतं.

साताऱ्याच्या जिल्हा स्पर्धेचे मुख्य संयोजक होते, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. फार मऊ मनाचा माणूस. कुणाचं मूल रडलं तर स्वतःच्या खिशातून त्याला गोळ्या द्यायचा. त्यांना वाईट म्हणता येत नाही याचाच मला जास्त राग येतो. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

पाहुणे आले, ताशा वाजला, हाताच्या सात मुली रेषेवर उभ्या राहिल्या. मी स्टँडवर चढले. नाना खाली येऊन म्हणाले, "मॅडम, घड्याळं राहू द्या. ही देवाची लेकरं. यांच्यात कसला पहिला आणि कसला शेवटचा? कुणाचं मन मोडायला नको."

मी म्हटलं, "नाना, परिपत्रकात वेळ मागितली आहे."

"ते बघू नंतर. आज सगळ्यांना पहिलं करून टाकू. पाहुण्यांनी बक्षिसाला सात डबे आणलेत, सगळे सारखे."

माझ्याबरोबरचे दोन टायमर लगेच खाली उतरून चहाला गेले. मी उतरले नाही, पण पुढं बोललेही नाही. का बोलले नाही तेही सांगून टाकते, एवढी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. सांगलीला मुख्य टायमर म्हणून माझं नाव जायचं होतं. तोवर त्या जागेवर बाई कधी बसली नव्हती. ते नाव नानांनी पाठवायचं होतं.

धूर दिसला. सवयीनं माझं बोट दाबलं गेलं. सात मुली आल्या, त्यात शमीम सगळ्यांच्या पुढं, दोन वाव तरी पुढं. रेघ न सोडता आली. तिनं दोरी तोडली आणि माझं बोट पुन्हा दाबलं गेलं. चौदा पूर्णांक चार. आमच्या तालुक्यात दोन हातांच्या कितीतरी मुलींना ही वेळ येत नव्हती. मी हातातलं घड्याळ बघत होते तोवर माइकवर आवाज आला, "सातही मुली पहिल्या! जोरदार टाळ्या!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शमीम धापा टाकत स्टँडखाली आली आणि वर बघून म्हणाली, "बाई, किती?"

नाना शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "अगं, तुम्ही सगळ्याच पहिल्या." आणि घड्याळ शून्यावर आणलं.

तिनं डबा घेतला, प्रमाणपत्र घेतलं. प्रमाणपत्रावर छापील अक्षरात होतं, प्रथम क्रमांक. सातही जणींच्या.

पुढं व्हायचं तेच झालं. विभागाला एकच नाव पाठवायचं, आणि शीटवर पहिल्या सात. नंतर मला जिल्ह्याच्या क्रीडा कचेरीतल्या कारकुनानं, भाऊसाहेबांनी सांगितलं. सांगताना ते हसत होते. "काय करणार मॅडम, सगळ्याच पहिल्या. मग नाना म्हणाले, कुणावर अन्याय नको. सात चिठ्ठ्या केल्या, एका रिकाम्या डब्यात टाकल्या आणि शिपायाला उचलायला लावली." तीन महिने वाळू बांधून पळालेली पोरगी, आणि तिचा नंबर शिपायानं डब्यातून काढायचा. वेळेच्या रकान्यात काय लिहिलं म्हणून विचारलं तर म्हणाले, "रेघ मारली."

चिठ्ठी निघाली ती म्हसवडकडच्या एका मुलीची. शर्यतीत ती सहावी आलेली. तिला बिचारीला यातलं काही नको होतं. तिचा मला राग नाही. मी नानांकडे जाऊन बोलायला हवं होतं. गेलेही, पण त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात माझं पत्र ठेवलं, मुख्य टायमर म्हणून. मी पत्र घेतलं, चहा घेतला आणि परत आले. शमीमला सांगायचं मी आज उद्या करत राहिले. म्हटलं, शाळेकडं पत्र येईल तेव्हा कळेलच. पत्र ज्यांची निवड झाली त्यांनाच जातं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जिल्ह्याच्या शर्यतीनंतर एकोणिसाव्या दिवशी सांगलीच्या मैदानावर मी मुख्य टायमरचा बिल्ला लावून उभी होते. सकाळी नऊच्या सुमारास फाटकाशी इलाहीभाई दिसले. डोक्याला स्वच्छ टोपी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं प्रमाणपत्र, शेजारी शमीम, केस घट्ट बांधलेले, पायात नवे कॅनव्हासचे बूट. पहाटेच्या एस.टी.नं विट्यावरून आले होते.

"बाई," ते म्हणाले, "साळंत कायच कळंना, म्हनून आमीच आलो. पयला नंबर हाय न्हवं? ह्यो बगा कागुद. टेबलावरचा मानूस म्हनतोय, नाव न्हाई."

मी त्यांना सावलीला बसवलं आणि यादी बघितली. साताऱ्याच्या नावापुढं गैरहजर अशी खूण होती. म्हसवडला सिद्धनाथाची यात्रा होती. रथ सोडून मुलीला सांगलीला कोण आणणार? म्हणजे साताऱ्याचा पट्टा रिकामाच राहणार होता.

मी धावत मुख्य पंचांकडे गेले. ते फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते, माधवनगरला राहायचे. बोलायला तुसडे, पण नियमाला पक्के. मी म्हटलं, साताऱ्याची दुसरी मुलगी आली आहे, तिला घ्या. ते म्हणाले, "घेतो की. रूल आहे. गैरहजर असेल तर त्याच जिल्ह्याची पुढची टायमिंग असलेली खेळाडू चालते. शीट दाखवा."

मी प्रमाणपत्र पुढं केलं.

"ये तो सर्टिफिकेट है मॅडम. असली सात वाटलीत म्हणे साताऱ्यात, एकाच नंबरची. मला टाइम पाहिजे. टाइम किती आहे हिचा?"

मी म्हटलं, "चौदा चार."

"कुठं लिहिलंय?"

मी प्रमाणपत्र परत पिशवीत घातलं.

त्यांनी माझ्या बिल्ल्याकडं बघितलं. "जिल्ह्याला घड्याळावर कोण होतं?"

"मी."

"मग मॅडम, तुमचंच तुमच्याकडं नाही, तर मी कुठून आणू?" असं म्हणून ते रेषेकडं गेले. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. मला आजही त्या माणसाचा राग येत नाही, आणि यायला पाहिजे होता असं फार वाटतं. दुसऱ्या कुणाचा तरी आला असता तर बरं झालं असतं.

शर्यत झाली. पाच मुली पळाल्या आणि चौथा पट्टा रिकामा होता. माझी तिन्ही घड्याळं बरोबर चालली. तिन्ही वेळा आम्ही पंचांसमोर वाचल्या, मधली धरली आणि शीटवर लिहिली. सगळं नियमानं. पहिलीची वेळ होती पंधरा पूर्णांक एक.

मी खाली उतरले तर शमीम स्टँडपाशीच उभी होती.

"बाई, पयलीला किती लागले?"

"पंधरा एक."

"आन् मला किती लागलं हुतं?"

मी सुरुवात केली, "अगं, त्या दिवशी घड्याळं..."

"तुमी बटन दाबलेलं," ती म्हणाली. "दोरी तोडली तवा मी तुमच्या हाताकडंच बगत हुते."

तेव्हा मी सांगितलं. चौदा चार.

ती वडिलांकडं वळून त्यांच्या घरच्या बोलीत म्हणाली, "अब्बा, मैं आगे थी." इलाहीभाईंना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मला विचारलं, रागानं नाही, खरंच कळून घ्यायला विचारलं, "मग बाई, लिवलं का न्हाई तुमी?"

मी नानांचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं, सगळ्यांना पहिलं करायचं ठरलं होतं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आवं पर घड्याळ तर तुमच्या हातात हुतं न्हवं?"

माझ्या पत्राचं मी त्यांना सांगितलं नाही.

शमीमनं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं, उलटं केलं, पाठीमागची कोरी बाजू माझ्यापुढं धरली. "हितं लिवून द्या."

"शमीम, याचा कुठं उपयोग होणार नाही."

"मला ठाव हाय," ती म्हणाली.

मी स्टँडच्या पायरीवर कागद ठेवला आणि लिहिलं. शमीम इलाही नदाफ, शंभर मीटर, १४.४ सेकंद. खाली सही केली आणि सवयीनं सहीखाली तारीख टाकली. तिनं शाई वाळेपर्यंत कागद वाऱ्यावर धरला. मग दोघं एस.टी. स्टँडकडं गेली. त्या दिवशी माझं काम संध्याकाळपर्यंत होतं आणि मी ते चोख केलं. सगळ्यांनी कौतुक केलं, पहिल्या बाई मुख्य टायमर म्हणून.

पुढच्या वर्षापासून जिल्ह्याला अपंगांच्या प्रत्येक शर्यतीवर मी तीन घड्याळं लावली. नानांशी भर मंडपात भांडले, पाहुण्यांना उन्हात थांबवलं, एकदा ताशावाल्याच्या हातातून टिपऱ्या काढून घेतल्या. शेवटची आलेली पोरं रडायची, आणि नाना म्हणायचे, "बघा मॅडम, रडवलंत." मी म्हणायची, रडू दे, पुढच्या वर्षी जोरात पळेल. माझी ख्याती खडूस बाई अशी झाली. मला ती चालते. शिवाय चूक एकीच्या बाबतीत करायची आणि शहाणपण बाकीच्यांना वाटायचं, यात मोठेपणा कसला?

इलाहीभाई आता नाहीत. गाद्यांचं दुकान शमीम चालवते. दोन कारागीर आहेत, आणि एका हातानं ती कापडाचं माप असं घेते की दोन हातवाल्यानं बघत राहावं. मध्यंतरी वडूजला गेले होते तेव्हा नातवासाठी गादी सांगायला तिच्याकडं गेले. गल्ल्याच्या वरच्या भिंतीवर ते प्रमाणपत्र काचेच्या फ्रेममध्ये लावलेलं आहे. पण उलटं. प्रथम क्रमांक भिंतीकडं आणि माझं अक्षर गिऱ्हाइकाकडं. एका बाईनं माझ्यासमोरच विचारलं, हे काय गं, कसला आकडा? शमीम कापड फाडता फाडता म्हणाली, "माझा टाइम हाय."

गिऱ्हाईक गेल्यावर मी फ्रेमजवळ जाऊन चष्मा लावून बघितलं. शाई विटली आहे, पण वाचता येतं.

शमीम मागून म्हणाली, "समदं बराबर हाय, बाई. तारीख तेवढी एकोनीस दिस उशिराची हाय."